रीडिंग खरं निघावं म्हणून: नववी-दहावीच्या प्रयोगांतले बारकावे

बारा गटांच्या प्रयोगवह्यांत लंबकावरून काढलेलं गुरुत्व त्वरण झाडून सगळीकडे ९.८ आलेलं दिसलं, की एक गोष्ट नक्की समजावी: लंबक कोणी मोजलेला नाही. उत्तर पुस्तकात छापलेलं आहे, तास ३५ मिनिटांचा आहे, स्टँड डुगडुगतं आहे, आणि वही आजच तपासून हवी आहे. मग मुलं उत्तरापासून उलटं गणित करत मागे येतात आणि रीडिंग जमवतात. ‘कुक करणं’ हा शब्द पुढे अकरावी-बारावीत कानावर पडतो, पण ती सवय लागते इथेच.

यात मुलांचा दोष फार थोडा आहे. शाळेतल्या साध्या सामानातूनही खरं रीडिंग निघतं, मात्र त्यासाठी काही बारीकसारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि पाठ्यपुस्तकातल्या ‘कृती’त त्यांना जागा नसते. शिवाय रीडिंग चुकलं तर ते का चुकलं हे शोधता येतं, आणि माझ्या मते विज्ञान तिथेच शिकलं जातं. दहावीला विज्ञान-तंत्रज्ञानाचे ४० अधिक ४० गुण लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. त्या २० गुणांसाठी केलेली खटपट उरलेल्या ८० गुणांच्याही कामी येते. खाली भौतिक आणि रसायनाचे काही नेहमीचे प्रयोग घेतले आहेत. सगळ्यांना सारखी जागा दिलेली नाही, कारण सगळ्यांत सारख्या अडचणी येत नाहीत.

लंबकापासून सुरुवात करतो, कारण इतक्या स्वस्तात इतकं अचूक उत्तर देणारा दुसरा प्रयोग शाळेत नाही. लागतं काय, तर धातूचा गोळा (तो नसेल तर मोठा नट), दोरा, मीटरपट्टी आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. शिवणाचा सुती दोरा नको. तो पीळ सोडतो आणि गोळा स्वतःभोवती फिरत राहतो. मासे पकडायचा बारीक तंगूस घ्या, तो फारसा ताणतही नाही. दोरा खिळ्याला गाठ मारून टांगू नका. गोळा झुलताना दोरा खिळ्यावर थोडा गुंडाळला जातो, थोडा सुटतो, आणि लांबी दर झोक्याला बदलते. बाटलीचं बूच मधोमध उभं चिरून, त्या फटीत दोरा घालून, बूच स्टँडच्या चिमट्यात घट्ट आवळायचं. बूच मिळालं नाही तर लाकडी फुटपट्टीचे दोन तुकडे चालतात. दोरा जिथून बाहेर येतो ती कड सपाट असावी, म्हणजे लांबी कुठून मोजायची यावर वाद होत नाही. स्टँडच्या पायावर वीट ठेवा. स्टँड गोळ्याबरोबर हलत असेल तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

लांबी मोजायची ती टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. मुलं हमखास दोराच मोजतात आणि हूक व त्रिज्या सोडून देतात. वेळ घ्यायची २० आंदोलनांची, एका आंदोलनाची नव्हे. बटण दाबताना हाताला ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. एका आंदोलनाच्या २ सेकंदांत तेवढी चूक म्हणजे १० टक्के, आणि २० आंदोलनांच्या ४० सेकंदांत अर्धा टक्का. मोजणीची सुरुवात गोळा टोकाला असताना करू नका. टोकाला तो थबकल्यासारखा होतो आणि नेमका क्षण पकडता येत नाही. गोळ्याच्या मागे कागदावर उभी रेघ मारा आणि एकाच दिशेने जाताना त्याने ती ओलांडली की मोजा. मध्यावर गोळ्याचा वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून क्षण नेमका सापडतो.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. बटण दाबताना तोंडातून ‘एक’ निघतो. निघायला हवा ‘शून्य’. ‘एक’पासून सुरुवात करून ‘वीस’ला थांबलात, तर आंदोलनं १९च झाली. एक मीटर लांबीला २० आंदोलनांना सुमारे ४०.२ सेकंद लागतात, पण या गटाची वेळ ३८.२ येते आणि गुरुत्व त्वरण निघतं १०.८. एखाद्या गटाचं उत्तर १०.८च्या आसपास आलं तर न विचारता ओळखावं, की मोजणी ‘एक’पासून झाली आहे. हे त्यांना सांगून टाकू नका. ‘शून्यापासून मोजलंत का?’ एवढंच विचारा, बाकीचं ते स्वतः शोधतात.

झोका लहान ठेवायचा हे पुस्तकात असतं, पण किती लहान? १० अंशांच्या झोक्याने आवर्तकाल (एका आंदोलनाला लागणारा वेळ) फक्त ०.२ टक्क्याने वाढतो, म्हणजे आपल्या स्टॉपवॉचला तो कळतही नाही. ३० अंशांना तो १.७ टक्के वाढतो आणि उत्तर साडेतीन टक्क्यांनी घसरतं. एक मीटरच्या दोऱ्याला १० अंश म्हणजे गोळा बाजूला साधारण १७ सेंटीमीटर. कंपास काढायची गरज नाही, पट्टीने मोजा. सोडताना ढकलू नका, नाहीतर गोळा लंबवर्तुळात फिरू लागतो.

या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे आलेख. समजा एका गटाने फक्त दोरा मोजला आणि हूक व त्रिज्या मिळून दीड सेंटीमीटर राहून गेलं. त्यांची लांबी वहीत २५, ५०, ७५ आणि १०० सेंटीमीटर अशी आहे आणि २० आंदोलनांची वेळ २०.७, २८.८, ३५.१ आणि ४०.५ सेकंद. प्रत्येक ओळीतून वेगळं गुरुत्व त्वरण काढलं तर २५ सेंटीमीटरला ९.२१ येतं आणि १०० सेंटीमीटरला ९.६३. उत्तर लांबीबरोबर चढत जातं, तेव्हा काहीतरी बिघडलं आहे हे उघड. आता लांबी उभ्या अक्षावर आणि आवर्तकालाचा वर्ग आडव्या अक्षावर घेऊन रेघ काढा. रेघ सरळ येते, पण शून्यातून जात नाही. ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या खाली दीड सेंटीमीटरच्या जवळपास छेदते. हेच ते राहून गेलेलं दीड सेंटीमीटर! आणि रेघेच्या चढाला ३९.४८ने (म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीने) गुणलं की ९.७७ येतं. चूक कुठे आहे आणि केवढी आहे, हे आलेखाने सांगितलं, वर उत्तरही वाचवलं. सरासरी काढणाऱ्या गटाला यातलं काहीच कळलं नसतं.

वर्गात १२ गट असतील तर प्रत्येकाला चार लांब्या करायला लावू नका, वेळ पुरत नाही. प्रत्येक गटाला एकच लांबी द्या, ३० सेंटीमीटरपासून १४० पर्यंत, दहा-दहाच्या अंतराने. गटाने तीनदा वेळ घ्यायची आणि फळ्यावरच्या मोठ्या आलेखात येऊन आपला बिंदू मांडायचा. एकच बिंदू रेघेपासून लांब पडला की तो गट आपण होऊन पुन्हा मोजायला जातो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशाला खरी किंमत ९.७९च्या जवळ आहे. उत्तर ९.७ ते ९.९मध्ये आलं तर सामानाने आपलं काम चोख केलं. ठिकाणानुसार ही किंमत बदलते हे माणसाला लंबकामुळेच कळलं. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा सेकंदाचा ठोका देणारा लंबक त्याला तिथे जेमतेम पावणेतीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. मुलांच्या हातातल्या मीटरपट्टीवर पावणेतीन मिलिमीटर केवढं असतं ते दाखवा.

ओहमच्या नियमाचा (विभवांतराच्या प्रमाणात विद्युतधारा वाढते) प्रयोग याच्या अगदी उलट. दिसायला सोपा, आणि बिघडायच्या जागा डझनभर.

पहिली अडचण रोधाची. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला रंगीत पट्ट्यांचा पाव वॉटचा १० ओहमचा रोध आणून त्याला चार सेल जोडले, तर ६ व्होल्टला त्यात ३.६ वॉट उष्णता तयार होते. म्हणजे क्षमतेच्या चौदा पटीहून जास्त. तो धूर सोडतो आणि एखाद्याचं बोट पोळतं. रोध घ्यायचाच असेल तर पांढऱ्या सिमेंटच्या वेष्टनातला १० वॉटचा घ्या. माझी पसंती मात्र नायक्रोमच्या तारेला आहे. २८ गेजची नायक्रोम तार मीटरला सुमारे १० ओहम भरते. ती नाही मिळाली तर शेगडीची १००० वॉटची कॉइल आणा. ती तापल्यावर अंदाजे ५३ ओहमची असते, नायक्रोमचा रोध थंड-गरम फारसा बदलत नाही, म्हणून तिचा पाचवा भाग तोडला की १० ओहमचा तुकडा हाती येतो. तापमानाने रोध न बदलणं हेच ही तार निवडण्याचं कारण, आणि ते मुलांना सांगायला हवं, कारण नियमाच्या विधानात ‘भौतिक अवस्था कायम असताना’ हे शब्द आहेत.

तार पेन्सिलीवर गुंडाळून ठेवली तर वेढे एकमेकांना टेकतात, विद्युतधारा आडवाटेने जाते आणि रोध कमी भरतो. लाकडी पट्टीवर दोन्ही कडांना खिळे ठोकून तार नागमोडी ताणा. नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. इलेक्ट्रिशियन वापरतात ती प्लास्टिकची स्क्रूवाली कनेक्टर-पट्टी घ्या. जोडणीच्या तारा मोटार-वाइंडिंगच्या असतील तर टोकांवरचं लाखेसारखं आवरण पॉलिश पेपरने खरवडून तांबं चकाकेपर्यंत काढा. तार तांब्याच्या रंगाची दिसते म्हणून ती उघडी आहे असं वाटतं आणि ‘सर, सर्किट चालतच नाही’ ही हाक येते. दहापैकी निम्म्या वेळा कारण हेच, किंवा सेलच्या पेटीच्या गंजलेल्या पत्र्या.

आता सेल. टॉर्चचे साधे कोरडे सेल ०.५-०.६ अँपिअर देताना लवकर दमतात. कळ दाबून ठेवून रीडिंग लिहीत बसलात, तर लिहून होईपर्यंत काटा खाली सरकलेला असतो. कळ दाबा, दोन्ही मीटर एकदम वाचा (दोन मुलं, एकेक मीटर), कळ सोडा. तीन सेकंदांचं काम. आणि विभवांतर म्हणून ‘दीड गुणिले सेलची संख्या’ लिहू देऊ नका. भार पडला की १.५ लिहिलेला सेल १.३-१.४च दाखवतो. व्होल्टमीटर बिघडलेला नसतो, सेलच्या पोटात स्वतःचा रोध असतो आणि थोडं विभवांतर तिथेच खर्च होतं. म्हणून व्होल्टमीटरची टोकं सेलला न लावता नायक्रोमच्या तारेच्या दोन टोकांना लावायची. एकदा सेलवर आणि एकदा तारेवर लावून कळ सोडताना-दाबताना वाचून घ्या, फरक डोळ्यांनी दिसतो.

ॲमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर हे पाठ असूनही हात चुकतो. व्होल्टमीटर एकसर जोडला तर विद्युतधारा जवळजवळ शून्य होते, नुकसान काही नाही. ॲमीटर थेट सेलला जोडला गेला तर काटा धाडकन टोकाला आपटतो आणि आतली गुंडाळी जळू शकते. जोडणीची एक रीत लावून द्या: आधी सेल, कळ, धारानियंत्रक (ऱ्होस्टॅट), ॲमीटर आणि तार असं एकच कडं पूर्ण करायचं, व्होल्टमीटर हातात घ्यायचाच नाही. ते तपासून झालं की शेवटी व्होल्टमीटर वरून टेकवायचा. स्वस्त पिवळा मल्टिमीटर वापरत असाल तर विद्युतधारा मोजून झाल्यावर लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. पिन १० अँपिअरच्या भोकात विसरून कोणी सेलचं विभवांतर मोजायला गेलं, तर तो सरळ लघुपथनच (शॉर्ट सर्किट) करतो आहे, आणि त्या भोकाला बहुतेकदा आतून फ्यूजही नसतो. घरातल्या २३० व्होल्टचा या टेबलाशी कसलाही संबंध येता कामा नये, बॅटरी एलिमिनेटर असला तरी तो शिक्षकांच्या हातूनच लागावा.

काट्याचं मीटर वाचायच्या आधी कळ उघडी असताना काटा शून्यावर आहे का ते बघा. नसेल तर ते शून्य त्रुटी म्हणून वहीत लिहा आणि प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. तबकडीत आरशाची पट्टी असेल तर काटा आणि त्याची प्रतिमा एकावर एक येईपर्यंत डोकं हलवायचं, मग वाचायचं. बाजूला उभं राहून वाचणाऱ्या मुलाचं रीडिंग सहज अर्ध्या घराने चुकतं.

नायक्रोमचा आलेख सरळ आला की तिथे थांबू नका. तारेच्या जागी २.५ व्होल्टचा टॉर्चचा तंतूवाला बल्ब लावा आणि धारानियंत्रकाने विद्युतधारा अगदी कमीपासून वाढवत न्या. आलेख वाकतो. बल्ब लागण्याआधी तंतूचा रोध कितीतरी कमी असतो, उजळला की वाढतो. नियम मोडला का, की त्याची अट मोडली? या प्रश्नावर दहा मिनिटं खुशाल द्यावीत. असे बल्ब आता शोधावे लागतात, जुन्या सायकल-स्कूटरच्या दुकानात ६ व्होल्टचे मिळतात.

अपवर्तनाच्या प्रयोगात काचेची चिप आणि चार टाचण्या. ड्रॉइंग बोर्ड कडक असेल तर टाचण्या तिरक्या घुसतात, म्हणून कागदाखाली थर्माकोल घ्या. दोन टाचण्यांत किमान ५ सेंटीमीटर अंतर हवं. दीड-दोन सेंटीमीटरवर टोचल्या तर टाचणीच्या जाडीएवढ्या चुकीने किरण दोन-तीन अंश फिरतो. पलीकडून बघताना टाचण्यांची डोकी जुळवायची नाहीत, कागदात रुतलेले पाय जुळवायचे, कारण डोकी कलतात पण पाय कागदावरच असतात. एक डोळा मिटा आणि तो कागदाच्या पातळीपर्यंत खाली आणा. चिपेची बाह्यरेषा बारीक पेन्सिलने आखा, चिप सरकली तर पुन्हा बाह्यरेषेत बसवून बघा.

आपतन कोन किती घ्यावा यालाही कारण आहे. २० अंशांना अपवर्तन कोन १३ अंशांच्या जवळ येतो. तो मोजताना एक अंश जास्त वाचला, तर १.५० यायचा अपवर्तनांक १.४० येतो. ६० अंशांना तीच एक अंशाची चूक १.४६ देते. म्हणून ४० ते ६०मधले कोन घ्या, छोटे कोन टाळा. याहून चांगलं म्हणजे कोनमापक बाजूला ठेवा. आपतन बिंदू केंद्र धरून ५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. आपाती किरण आणि अपवर्तित किरण (लागला तर वाढवून) वर्तुळाला जिथे छेदतात, तिथून स्तंभिकेवर (आपतन बिंदूपाशी चिपेच्या कडेला काढलेल्या लंबरेषेवर) लंब टाका. पहिल्या लंबाच्या लांबीला दुसऱ्याच्या लांबीने भागलं की अपवर्तनांक थेट मिळतो. साइनचा तक्ता लागत नाही, आणि आठवीतून नुकत्याच आलेल्या मुलालाही हे जमतं. निर्गत किरण किती सरकला हेही मोजायला लावा. किरण ५ सेंटीमीटर रुंदी ओलांडत असेल आणि अपवर्तनांक १.५ असेल, तर ३० अंशांना ०.९७, ४५ला १.६५ आणि ६०ला २.५६ सेंटीमीटर सरकतो. हे आकडे शिक्षकांनी खिशात ठेवावेत, मुलांना आधी दाखवू नयेत.

भिंगाचं नाभीय अंतर काढताना ‘दूरची वस्तू’ म्हणून समोरच्या भिंतीवरची खिडकी धरली जाते. ३ मीटरवरची खिडकी आणि २० सेंटीमीटरचं भिंग घेतलं तर प्रतिमा २१.४ सेंटीमीटरवर पडते, म्हणजे सात टक्के चूक हातचीच. १० सेंटीमीटरचं भिंग घ्या आणि मैदानापलीकडचं झाड पकडा. सूर्य कधीही नको, कागद पेटतो आणि डोळा धोक्यात येतो. प्रयोगाच्या पुढच्या भागात मेणबत्तीऐवजी एलईडी टॉर्चसमोर काळा कागद लावून त्यात अक्षर कापा. मेणबत्ती फडफडते आणि जळत जाते तशी ज्योत खाली उतरते. अक्षर ‘र’ घ्यावं. ‘क’ कापला तर मधला ठिपका सुटून पडतो, आणि ‘र’ उलटा झाला की वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे गेलेलं दोन्ही दिसतं. १० सेंटीमीटरच्या भिंगाला वस्तू ३०, २० आणि १५ सेंटीमीटरवर ठेवली की पडदा अनुक्रमे १५, २० आणि ३०वर येतो. मग वस्तू ८वर ठेवा आणि पडद्यावर प्रतिमा शोधू द्या. सापडत नाही म्हणून मुलं हवालदिल होतात. तेव्हा पडदा काढून भिंगातून सरळ बघायला सांगा. आणखी एक करून बघायला हवंच: भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर प्रतिमेचं काय होईल, हे आधी वहीत लिहायला लावा. बहुतेक जण ‘अर्धी दिसेल’ लिहितात. ती पूर्ण दिसते, फक्त मंद होते.

विद्युतधारेच्या चुंबकीय परिणामात एकेरी तारेतून ०.३ अँपिअर सोडून २ सेंटीमीटरवर सूचीचुंबक ठेवलं तर सुई जेमतेम चार-पाच अंश हलते, मागच्या बाकाला दिसतच नाही. तीच तार दहा पदरी करून, पदर एकत्र बांधून उत्तर-दक्षिण दिशेत सुईच्या वर धरली, तर सुई ३५ अंशांच्या पुढे वळते. परतीच्या तारा निदान ३० सेंटीमीटर दूर राहू द्या. टेबल लोखंडी पायांचं असेल किंवा शेजारी मोबाइल असेल, तर सुईला उत्तर दिशाच सापडत नाही; लाकडी बाक घ्या.

रसायनात विस्थापन अभिक्रिया (जास्त क्रियाशील धातू दुसऱ्या धातूला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो ती) घ्यावी, कारण तिच्यात आम्ल लागत नाही आणि तरी डोळ्यांसमोर बदल घडतो. ५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलिलीटर करायचं. द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणासाठी कृषी सेवा केंद्रात जो मोरचूद मिळतो, तो या कामाला चालतो. बोअरचं जड पाणी घेतलं तर द्रावण निळसर गढूळ होतं. पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी घ्या. मोरचूद विषारी आहे. चव घ्यायची नाही, पिपेट तोंडाने ओढायची नाही, आणि हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही.

परीक्षानळीत १० मिलिलीटर द्रावण आणि पॉलिश पेपरने घासलेला खिळा. खिळा चकचकीत पांढरट असेल तर त्यावर जस्ताचा मुलामा आहे. तो वापरला तर द्रावण फिकट होईल पण हिरवट होणार नाही, कारण आधी जस्त विरघळतं. साधा काळसर लोखंडी खिळा हवा. तो दोन मिनिटांत तांबूस होतो, पण द्रावणाचा रंग बदलायला अर्धा तासही पुरत नाही, कारण खिळ्यावर बसलेलं तांबंच पुढची वाट अडवतं. रंग तासाभरात हवा असेल तर लोखंडाचा कीस घ्या आणि नळी अधूनमधून हलवा. भांडी घासायचा स्टीलचा काथ्या चालत नाही. द्रावण हिरवंगार होईल अशी अपेक्षा ठेवू नका. या प्रमाणाला तयार होणाऱ्या हिराकसाचा (फेरस सल्फेटचा) रंग अगदी फिकट असतो. शेजारी मूळ द्रावणाची नळी ठेवून पांढऱ्या कागदासमोर दोन्ही धरल्या तरच फरक कळतो. रात्रभर ठेवलं तर हवेने ते पिवळट-तपकिरी होतं, आणि मुलं ‘हिरवा’ लिहितात कारण पुस्तकात तसं आहे. जे दिसलं तेच लिहायचं, हा आग्रह इथे धरावाच लागतो.

ॲल्युमिनिअमचा भाग पुस्तकाबाहेरचा आहे, पण तो टाळू नये. क्रियाशीलता श्रेणीत ॲल्युमिनिअम लोखंडाच्या वर, म्हणून ते जास्त जोमाने क्रिया करील असा अंदाज मुलं बांधतात. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा तुकडा मोरचुदाच्या द्रावणात टाकला तर काहीच होत नाही. दहा मिनिटं गेली तरी फॉइल तशीच चमकते. मग श्रेणी खोटी का? आता त्याच नळीत चिमूटभर मीठ टाका. थोड्याच वेळात फॉइलच्या कडेने तपकिरी ठिपके उमटतात, बुडबुडे येतात, नळी हाताला गरम लागते आणि फॉइल चाळणीसारखी होऊन तिचे तुकडे पडतात. ॲल्युमिनिअमच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तो पाण्याला आत येऊ देत नाही. मिठातलं क्लोराइड तो पापुद्रा जागोजागी फोडतं. फॉइल दोन सेंटीमीटर चौरसाहून मोठी घेऊ नका, आणि नळीच्या तोंडाला बूच लावू नका, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात. नळी स्टँडमध्ये उभी ठेवा, हातात धरू नका.

साहित्य कमी असेल तर सगळ्या वर्गाला एकच प्रयोग एकाच दिवशी देण्याचा हट्ट सोडा. तीन प्रयोग एकाच वेळी मांडा, चार-चार मुलांचे गट करा आणि गट फिरवा. एकाने मांडायचं, एकाने मोजायचं, एकाने वेळ किंवा दुसरा मीटर बघायचा, एकाने लिहायचं, आणि दर रीडिंगनंतर कामं बदलायची, नाहीतर वर्षभर एकच मूल लिहितं आणि एकच हात लावतं. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली मध्य प्रदेशातल्या १६ शाळांत सुरू झाला, तो गावातल्या साध्या शाळांतच, मुलांच्या छोट्या टोळ्या आणि साहित्याची पेटी घेऊन. दोन तास जोडून मिळत नसतील तर मांडणी आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत चार मुलांकडून करून घ्या.

वहीत खोडरबर चालू देऊ नका. चुकलेल्या रीडिंगवर एकच आडवी रेघ, ते वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण: ‘एकपासून मोजलं’, ‘हूक धरला नाही’, ‘कळ दाबून ठेवली’. गुण देताना ही ओळ वाचा आणि तिला गुण द्या. एकदा तसे गुण मिळाले की पुढच्या वेळी रीडिंग जमवायचं कारणच उरत नाही.

उरलेलं मोरचूदाचं द्रावण मोरीत किंवा शाळेच्या बागेत ओतू नका, तांबं जमिनीतून सहजी जात नाही. प्लास्टिकच्या बरणीत गंजके खिळे, लोखंडाचा कीस असं भंगार भरून ठेवा आणि सगळ्या नळ्या त्यात रिकाम्या करा. निळा रंग पूर्ण गेला की वरचं पाणी भरपूर पाण्याबरोबर सोडून द्या. तळाशी तपकिरी भुकटी राहते. ती धुऊन, कागदावर वाळवून पुडीत ठेवा आणि वरचेवर वजन करा. १०० मिलिलीटर द्रावणातून जास्तीत जास्त १.२७ ग्रॅम तांबं निघू शकतं. पुडीत त्याहून जास्त भरलं, तर त्यात लोखंड मिसळलं आहे. लोहचुंबक फिरवून बघा.